कान तपासायला आणि बोलणं मोजायला शिकतात तरी कसं?

चार वर्षांचा मुलगा चित्रातल्या डोळ्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, 'डोया'. 'शाळा' म्हण म्हटलं तर 'शाया'. कागद घेऊन समोर बसलेली, स्पीच थेरपी शिकणारी विद्यार्थिनी पुण्याकडची असेल, तर 'ळ'पुढे फुली मारून मोकळी होईल. ती फुली चुकीची ठरेल. वऱ्हाडी बोलणाऱ्या अनेक घरांत 'ळ'चा 'य' होतोच. आजी 'डोया' म्हणते, बाप 'डोया' म्हणतो, आणि पोरगं त्यांच्याकडूनच बोलायला शिकलेलं असतं. त्याचे कान ठीक आहेत, जीभ ठीक आहे, म्हणून तर ते घरच्यासारखं बोलतं. हाच मुलगा 'काका'ला 'ताता' आणि 'गाय'ला 'दाय' म्हणत असता, तर मामला वेगळा होता. तसं कुणाच्याच घरी बोलत नाहीत. अडीच-तीन वर्षांच्या पोरात ते खपून जातं. चार पूर्ण झाल्यावरही टिकून राहिलं तर दाखवून घ्यायला हवं.

बोली कुठे संपते आणि दोष कुठे सुरू होतो, हे ठरवता येणं हा वाचा, भाषा आणि श्रवणशास्त्राच्या शिक्षणातला खरा कठीण भाग आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, स्पीच थेरपी म्हणजे आरशासमोर बसवून 'क, क, क' म्हणायला लावायचं. तेही असतं. पण विद्यार्थ्यांचा बराच वेळ आधी मोजायला शिकण्यात जातो, आणि मोजायची पट्टी आपल्या भाषेत नसेल तर ती बनवण्यात. या शिक्षणात संशोधन आणि दवाखान्यातलं काम वेगळं काढता येत नाही, ते त्यामुळेच. नागपुरात तर ते आणखीच गुंतलेलं. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीसमोरच्या रांगेत गोंदिया, भंडारा, गडचिरोलीची माणसं असतात, तशी बालाघाट आणि छिंदवाड्याचीही. मराठी, वऱ्हाडी, हिंदी, गोंडी, छत्तीसगढी असं सगळं एकाच बाकावर ऐकू येतं.

पदवीची माहिती थोडक्यात. बारावी विज्ञाननंतर बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी या दोन्ही विषयांची एकत्र पदवी. चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. महाराष्ट्रातल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजांत प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. पुढे एम.एस्सी.ला कान किंवा वाचा यांतलं एक निवडता येतं. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या १९९२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (आजच्या काळात एक हजार रुपये ही रक्कम वाचून हसू येतं, पण कायद्यात तीच आहे.) देशातली जुनी मोठी संस्था म्हणजे म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, १९६५ ची. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, आणि नागपुरातलं दिव्यांगांसाठीचं कंपोझिट रीजनल सेंटर तिच्याच अखत्यारीत येतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्ट यांत लोकांची गल्लत होते. डॉक्टर रोगाचं निदान करतात, औषध देतात, ऑपरेशन करतात. किती ऐकू येतं ते मोजणं, कानाची मशीन निवडून जुळवणं आणि त्यानंतर माणसाला ऐकायला शिकवणं हे ऑडिओलॉजिस्टचं काम.

आता मोजणीकडे येऊ. श्रवणचाचणी दिसते अगदी सोपी: हेडफोन लावला, 'टूं' आवाज आला की बटण दाबा. विद्यार्थी हे पहिल्या वर्षी एकमेकांवरच करून बघतात. आवाज ऐकू आला की १० डेसिबल खाली जायचं, नाही आला की ५ वर यायचं, आणि त्या पातळीला वर येताना किमान निम्म्या वेळा उत्तर मिळालं की तो आकडा लिहायचा. अशी रीत १९५९ मध्ये कारहार्ट आणि जर्गर यांनी पक्की केली, आणि जगभर अजून तीच चालते. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर घेत जायचं. इथे शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी कानाच्या तरुण माणसांना सरासरी जितका बारीक आवाज जेमतेम ऐकू येतो, त्या पातळीला शून्य म्हटलं आहे. म्हणून एखाद्याचा आकडा उणे ५ सुद्धा येऊ शकतो. आणि ही पट्टी सरळ नाही: दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते.

फसगत होते ती दुसऱ्या कानामुळे. समजा उजव्या कानाला काहीच ऐकू येत नाही आणि डावा उत्तम आहे. उजवीकडे मोठा आवाज दिला की कवटीतून तो डावीकडे पोहोचतो; साध्या हेडफोननं साधारण ४० डेसिबलच्या पुढे हे घडू शकतं. माणूस प्रामाणिकपणे बटण दाबतो, आणि पार बहिऱ्या कानाचा आलेख 'मध्यम दोष' असा निघतो. कानामागच्या हाडावर ठेवायच्या यंत्रानं तर आवाज जवळजवळ तसाच पलीकडे जातो. यावर उपाय म्हणजे चांगल्या कानात सूं-सूं असा गोंगाट सोडून त्याला गुंतवून ठेवायचं. तो किती सोडायचा? कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर तोच पलीकडे जाऊन खराब कानाला झाकतो. हे गणित विद्यार्थ्यांना रडवतं. पण शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, मैदानातून थेट ओपीडीत आलेल्या माणसासमोर ते तोंडी करावं लागतं, कारण मागे रांग आहे.

लहान मुलं बटण दाबत नाहीत. अडीच-तीन वर्षांच्या पोराला आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायला शिकवतात. आता गंमत अशी की पोरं आवाजापेक्षा माणसं चटकन वाचतात. विद्यार्थिनीनं यंत्राची कळ दाबताना भुवई वर केली, तरी ठोकळा पडतो. मग आलेख सुरेख येतो आणि मूल मात्र घरी हाकेला ओ देत नाही. म्हणून शिकवणारे मॅडम किंवा सर पहिल्या काही वेळा मुलाकडे बघतच नाहीत. काचेपलीकडून विद्यार्थ्याच्या चेहऱ्याकडे आणि हाताकडे बघत बसतात.

म्हाताऱ्या माणसांची तक्रार निराळी असते. "ऐकू तं येते बापा, पण समजत नाही," असं आजी म्हणतात, आणि सून मागून म्हणते की त्यांना हवं तेवढं बरोब्बर ऐकू येतं. आजी खरंच सांगत असतात. वयानं आधी उंच सूर जातात. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या सुरांत असतात आणि जोरदार असतात; स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं उंच सुरांत आणि हळू असतात. स्वर पोहोचले की कुणीतरी बोलतंय हे कळतं, व्यंजनं गळाली की काय बोलतंय ते कळत नाही. त्यात कुणी ओरडून बोललं तर स्वरच आणखी मोठे होतात. सूर ऐकू येणं आणि शब्द समजणं अशी दोन मोजमापं लागतात, ती यासाठी. आणि दुसऱ्या मोजमापाला शब्दांची यादी लागते. इंग्रजीची यादी इथे निरुपयोगी, हे उघडच आहे. पण पुस्तकी मराठीची यादी तरी वर्ध्याजवळच्या खेड्यातल्या आजींना किती चालेल? शब्द रोजच्या कानावरचे हवेत, साधारण सारख्या अवघडपणाचे हवेत, आणि त्यांतले ध्वनी बोलण्यात ज्या प्रमाणात येतात त्याच प्रमाणात यादीत यायला हवेत. एम.एस्सी.च्या प्रबंधांना आपल्याकडे असे विषय असतात. वाचायला रुक्ष, पण वापरायला लागलं की त्यांची किंमत कळते.

नवजात बाळांच्या तपासणीत विद्यार्थी एक वेगळंच गणित शिकतात. कानातल्या शंखाकृती भागातल्या बाहेरच्या केसपेशी आवाज आला की स्वतः हलतात आणि त्या हलण्याचा अतिशय बारीक आवाज उलटा बाहेर येतो. डेव्हिड केम्प यांनी लंडनमध्ये १९७८ साली तो पकडून दाखवला. त्यावरच आजची ओएई चाचणी उभी आहे: विहिरीत हाक मारून ऐकत राहावं, तसं यंत्र बाळाच्या कानात टिकटिक करतं आणि परत काय येतं ते ऐकतं. बाळ झोपलेलं असलं की काही मिनिटांत होतं. पण जन्मल्यानंतर पहिल्या दिवशी कानात पांढरट चिकटा आणि पाणी असतं. पंखा, पलीकडचं रडणारं बाळ, यानंही उत्तर बिघडतं.

धरून चालू की १००० बाळं तपासली. जन्मतः कायमचा श्रवणदोष साधारण हजारी एक ते तिघांत असतो; आपण दोन धरू. आणि पहिल्या तपासणीत १०० पैकी ५ बाळं 'नापास' होतात असं मानू. म्हणजे ५० बाळं नापास, त्यांतली खरोखर ऐकू न येणारी दोन. उरलेल्या ४८ आयांना विनाकारण धसका. यंत्र वाईट आहे असं नाही. शोधायची गोष्ट दुर्मिळ असली की असंच होतं. म्हणून "बाळाला ऐकू येत नाही" हे वाक्य या टप्प्यावर उच्चारायचंच नसतं. "आज उत्तर मिळालं नाही, पुन्हा तपासू" असं म्हणायचं. आता हे इतकं सौम्य म्हटलं तर आई गडचिरोलीला निघून जाते आणि परत येत नाही. फार घाबरवलं तर दुसऱ्याच कुणाकडे जाते. योग्य सूर सापडायला विद्यार्थ्यांना महिने लागतात, आणि माझ्या मते यंत्र चालवण्यापेक्षा हे शिकवणं कठीण आहे. घाई मात्र खरी आहे: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन आणि शिकवणं सुरू, असा दंडक बरीच वर्षं रूढ आहे. वेखंड उगाळून चाटवत दोन वर्षं वाट बघितली की भाषा शिकण्याचा सगळ्यात सोपा काळ निघून जातो. 'याचा बाबा पण उशिराच बोलला होता' हे वाक्यही त्याच यादीतलं.

ओएई पास झालं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. फार कावीळ झालेल्या किंवा अतिदक्षता विभागात राहिलेल्या काही बाळांत केसपेशी चांगल्या असतात, पण पुढची नस आवाज नीट पोहोचवत नाही. ओएई पास होतं आणि बाळाला समजत नाही. अशा बाळांची बेरा करतात. त्यात डोक्याला तारा चिकटवून नसेतून मेंदूच्या देठाकडे जाणारे विद्युत संकेत टिपतात.

विदर्भातल्या विद्यार्थ्यांना संशोधनाला विषय शोधायला लांब जावं लागत नाही. सिकलसेल घ्या. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या वस्त्यांत, हा आजार बराच आहे. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवतात. आतल्या कानाला रक्त पुरवणारी वाहिनी फारच बारीक, आणि तिला पर्यायी वाट नाही. सिकलसेलच्या रुग्णांत नसेचा बहिरेपणा जास्त आढळतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. याच मुलांना लहान वयात पक्षाघातही होऊ शकतो, म्हणजे वाचाही जाऊ शकते. आता विद्यार्थ्यानं हा विषय घेतला तर मार्गदर्शक पहिला प्रश्न विचारतील: कुणाशी तुलना करणार? शहरातल्या खाजगी शाळेतल्या मुलांशी केली तर फरक सिकलसेलचा आहे की न उपचार झालेल्या कानफुटीचा, हे कळणार नाही. त्याच घरातलं सिकलसेल नसलेलं भावंड सापडलं, तर तुलना बरीच स्वच्छ होते. साध्या आलेखात काही दिसलं नाही तर ८००० हर्ट्झच्या वर मोजून बघावं, कारण नुकसानाची सुरुवात बऱ्याचदा तिकडून होते.

दुसरा विषय पानठेल्यावर मिळतो. खर्रा. तंबाखू-सुपारीनं तोंडाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे काहींना तोंडाचा कॅन्सर. जिभेचा तुकडा काढल्यावर बोलणं कसं होईल, याचा विचार घरच्यांनी आधी केलेला नसतो. जिभेचं टोक गेलं तर त, द, ल, र अडतात. मागचा भाग गेला तर क, ग. बोलण्याच्या आधी प्रश्न गिळण्याचा येतो. अन्न श्वासनलिकेत गेलं तर माणूस खोकतो, असं आपण धरून चालतो. पण काही रुग्णांत ते खोकला न येताच फुप्फुसाकडे जातं. घशावर हात ठेवून गिळणं तपासायला शिकलेल्या विद्यार्थ्याला हेही शिकावं लागतं की हाताला लागलं नाही म्हणजे झालं नाही असं नव्हे. शंका असेल तर एक्स-रेच्या चलचित्रावर किंवा दुर्बिणीतून बघायला पाठवायचं. घरच्यांना चमच्यानं पाणी पाजायची घाई असते, आणि "काकू, अजून नाही" असं म्हणणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलीवर ती सगळी नाराजी निघते.

मोजणी किती डळमळीत असू शकते, ते तोतरेपणात स्पष्ट दिसतं. मुलाचं बोलणं रेकॉर्ड करायचं, ३०० अक्षरं मोजायची, त्यात कितींवर अडखळला ते बघायचं. 'मला, मला पाणी' हे सगळेच म्हणतात, ते अडखळणं धरत नाहीत. 'म-म-म-मला', किंवा ओठ मिटून आवाजच न फुटणं, हे धरतात. एका विद्यार्थिनीनं २४ मोजले, म्हणजे ८ टक्के. दुसरीनं १५, म्हणजे ५ टक्के. उपचारानंतर ५ टक्के आले, तर मूल सुधारलं की फक्त मोजणारी बदलली? त्याहून अवघड गोष्ट अशी, की दोघींनी २०-२० मोजले तरी दोघींनी तीच अडखळणी धरली असं नाही. एकीचे २० सुरुवातीचे आणि दुसरीचे २० शेवटचे असू शकतात. म्हणून बेरीज न जुळवता एकेक अक्षर जुळवून बघतात, आणि निव्वळ योगायोगानं किती जुळलं असतं ते वजा करतात. हे कंटाळवाणं काम न करता छापलेले सुधारणेचे आकडे मी तरी फार मनावर घेत नाही.

पट्टी कशी बनते ते बघायचं तर 'डोया'कडे वळू. समजा एखादीला नागपुरातल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे उच्चार तपासायचं साधन तयार करायचं आहे. मराठीचा प्रत्येक ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, जिथे जिथे तो येऊ शकतो तिथे येईल असे शब्द हवेत ('ळ' आणि 'ण' सुरुवातीला येत नाहीत). 'चाक'मधला च आणि 'चिमणी'मधला च वेगवेगळे धरावे लागतात. हिंदीवरून उचललेल्या यादीत हे हमखास सुटतं, कारण तिथे हा भेद नाही. चित्र असं हवं की इथल्या पोरानं ओळखावं. कोकणातल्या पोराला फणसाचं चित्र चालेल, इथे संत्र्याचं काढावं. आणि मग मूल 'संत्रं' न म्हणता 'संतरा' म्हणेल, तर तो शब्द ठेवायचा की बदलायचा? आधी थोड्या मुलांवर करून बघतात, जे शब्द फसतात ते काढतात. मग सहा-सहा महिन्यांचे वयोगट, मुलं-मुली, आणि घरची भाषा नोंदवलेली. 'ळ' ला 'य' म्हणणारी घरं आणि 'ल' म्हणणारी हिंदी वळणाची घरं वेगळी नोंदवली, की बोलीचं उत्तर चुकीत मोजलं जात नाही. प्रत्येक मुलाचे कान आधी तपासायचे, नाहीतर सर्दीनं कान भरलेली मुलंही 'नॉर्मल' गटात जातात. एखादा ध्वनी त्या वयाच्या ९० टक्के मुलांना येतो, तेव्हा तो त्या वयात यायला हवा असं म्हणतात. काही जण ७५ टक्के धरतात, आणि नुसत्या त्या बदलानं कितीतरी मुलं 'मागे' पडतात किंवा वर येतात.

हे सगळं नैतिक समितीची परवानगी मिळाल्यावरच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागतेच, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचं तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलाचं लेखी मान्य असणं लागतं. ओपीडीत समोर कोट घातलेला माणूस बघून आपल्याकडे कुणी 'नाही' म्हणत नाही. तेव्हा "अभ्यासात भाग नाही घेतला तरी उपचार तसेच मिळतील" हे कागदावर छापून भागत नाही, आईच्या बोलीत सांगावं लागतं.

पक्षाघातानं वाचा गेलेल्या माणसासमोर विद्यार्थ्याची भाषेची समज खरी कसाला लागते. ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये फक्त 'टॅन' एवढंच म्हणू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू तपासून डाव्या बाजूचा पुढचा भाग दाखवला, ते पुस्तकात असतं. समोर मात्र नागपूरच्या इतवारी बाजारातला व्यापारी असतो: घरी मराठी, दुकानात हिंदी, हिशेब आणखी कुठल्या भाषेत. भाषा सारख्या जात नाहीत आणि सारख्या परतही येत नाहीत. मराठीत 'पेला' न आठवणारा माणूस 'गिलास' म्हणतो. फक्त मराठीत तपासलं तर शून्य गुण. त्याला आकडे एकापासून दहापर्यंत म्हणता येतात, आरती म्हणता येते, पण 'सात' वेगळा काढून सांगता येत नाही. घरचे म्हणतात, "आता तर म्हणाले!" पाठ असलेलं म्हणणं आणि हवं ते शोधून बोलणं यांचे रस्ते मेंदूत बरेच वेगळे आहेत, हे त्यांना समजावणं हाही उपचाराचाच भाग असतो. आणि उद्दिष्ट लिहिताना 'वाचा सुधारणे' असं लिहिलं तर मॅडम कागद परत करतात. 'दुकानातल्या दहा वस्तूंपैकी आठ, चित्र बघून, पहिला ध्वनी सांगितल्यावर, कुठल्याही भाषेत सांगेल' असं लिहावं लागतं, म्हणजे महिन्यानं मोजता येतं.

तुमच्या मुलाला किंवा आईला विद्यार्थी तपासत असेल तर हे विचारायला संकोच नको: देखरेख कोण करतंय, आणि रिपोर्टवर कुणाची सही होणार? रिपोर्टवर सही नोंदणीकृत व्यावसायिकाचीच हवी. घरी मूल मोकळेपणी बोलत असताना दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर करून न्या, कारण दवाखान्यात पोरं गप्प बसतात. घरात कोण कुठली भाषा बोलतं तेही सांगा, आजीची धरून.